मांडवाखालचं अंदाजपत्रक

द्राक्षवाल्याला १ जानेवारीला नव्या वर्षाचा बेत विचारण्यात फारसा अर्थ नसतो. त्याचं वर्ष एप्रिलात खरड छाटणीनं सुरू होतं, ऑक्टोबरात गोड बहाराच्या छाटणीला कूस बदलतं आणि ३१ मार्चला सोसायटीच्या कर्जखिडकीपाशी संपतं. जानेवारीत तो त्या वर्षाच्या सगळ्यांत नाजूक वळणावर उभा असतो. मण्यात पाणी उतरत असतं, पहाटेचा पारा खाली चाललेला असतो, शिवारात व्यापाऱ्यांच्या गाड्या फिरायला लागलेल्या असतात. तरीही पुढच्या सालाचं बोलणं निघतं ते ह्याच दिवसांत. घडांना पेपर लावताना हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं.

पुढे बोलणारी दोघं मी एका घरातली म्हणून उभी केली आहेत. प्रत्यक्षात ती जुन्नर तालुक्यातल्या नारायणगाव, वारूळवाडी, गुंजाळवाडीपासून खाली मंचरपर्यंतच्या अनेक घरांत ऐकू येणारी दोन म्हणणी आहेत. बाग तीन एकरांची: एक एकर जुनी काळी, दोन एकर थॉमसनच्या कुळातली पांढरी. मुलगा चाकणला कंपनीत, तीन पाळ्यांत; बाग बघतात ती सासरा आणि सून. म्हातारं माणूस सावध आणि तरुण माणूस धाडसी, असं आपण गृहीत धरतो. इथं ते उलटं आहे, आणि ह्या पट्ट्यात बरेचदा उलटंच असतं. ज्या पिढीनं बाजरी मोडून दगडी खांबांवर तारा ओढल्या आणि वेली चढवल्या, ती मुळातच जुगारी पिढी होती. सावधपणा आला तो त्यांचे हिशोब लिहिणाऱ्यांत.

तात्या : पेपर नीट मागून गुंडाळ. उन्हाकडची बाजू तेवढी झाकून भागत नाही. दिवसा तीस आणि पहाटे आठ असं चाललं की मणी गुलाबी पडतो, आणि गुलाबी मणी दिसला की व्यापारी भाव पाडूनच बोलतो.

सूनबाई : गुंडाळते. पण तात्या, त्या काळ्या एकराची येत्या एप्रिलात खरड छाटणी करू नये असं मला वाटतं.

तात्या : छाटायची नाही, मग काय पूजा करायची?

सूनबाई : काढायची. खुंटासकट.

तात्या : वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बाग तोडायची भाषा? ती काळी तुझ्या लग्नाच्या आधीची आहे.

सूनबाई : म्हणूनच. पंधरा वर्षं होऊन गेली. ओलांडे जागोजाग मेलेत, रिकाम्या जागा भरायला आपण काड्या ओढून ओढून बांधतो. औषध पूर्ण एकराचं जातं आणि माल निघतो अर्ध्या एकराचा. यंदा तर तेवढाही नाही.

तात्या : यंदाचं धरू नकोस. यंदा कुणाच्याच बागेत घड नाही.

यंदा घड का नाही, हे द्राक्षाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. एप्रिलात वेल खरडून काढतात, नव्या काड्या फुटतात, आणि साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या दरम्यान त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, नुसत्या नजरेला दिसणार नाही इतका सूक्ष्म. त्या दिवसांत वेलीला लख्ख ऊन लागतं. २०२५ साली नेमका मे महिना पावसात गेला. २६ मेला तर मान्सून मुंबईत दाखल झाला होता. ऊन मिळालं नाही, पाऊस परतीच्या काळापर्यंत रेंगाळला, आणि ऑक्टोबरात छाटणी झाल्यावर कित्येक बागांत घडाच्या जागी नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे तणावे, निघाल्या. म्हणजे २०२६ च्या जानेवारीत जे तोडायचं, त्याचा निकाल मेमध्येच लागून गेला होता. छाटणीआधी काडी प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घेता येतात. पण तपासणीनं घड नाही एवढंच कळतं, घड येत नाही.

सूनबाई : मला तेच म्हणायचंय. आपण जानेवारीत बेत करतो आणि मे महिना तो मोडतो. मग बेत असा करू, की मे मोडला तरी घर मोडणार नाही.

तात्या : एका पावसाला एवढी भ्यालीस? नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं, डाऊनीच्या रोगानं घडच्या घड खलास केले. त्यातून वाचलेला माल निघाला, तर २०१० ला युरोपात लिहोसिन ह्या औषधाचे अंश सापडले म्हणून कंटेनर अडकले. त्याआधी लिहोसिन कुणी मोजत नव्हतं, आम्ही बिनधास्त मारायचो. मार्च २०२० ला माल तोडणीला आला आणि लॉकडाऊन लागलं. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, द्राक्ष संपलं. संपलं का?

सूनबाई : द्राक्ष नाही संपलं. द्राक्षवाले किती संपले, ते मोजा ना.

तात्या : हे घर कशावर उभं आहे? विहीर कशावर बांधली? तुझ्या नवऱ्याचं शिक्षण कशावर झालं? चीमा साहेबी गेली, थॉमसन आली; थॉमसन स्वतःच्या मुळावर टिकेना तर डॉगरीजचा खुंट आला; मग शरद सीडलेस आली, जंबो आली. दर खेपेला बदलत गेलो, पण द्राक्ष नाही सोडलं. आता बदल करायचा तो वर कागद टाकायचा.

कागद म्हणजे बागेवरचं प्लॅस्टिकचं आच्छादन. कृषी खात्यानं नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर ह्या द्राक्षाच्या जिल्ह्यांत प्रयोग म्हणून ह्यासाठी योजना काढली होती. एकरी खर्च पाच लाखांच्या आसपास धरलेला आणि निम्मं अनुदान. तात्यांना ही योजना जवळजवळ पाठ आहे.

तात्या : पान ओलं झालं नाही तर डाऊनी येत नाही. डाऊनी नाही तर फवारण्या वाचल्या, ट्रॅक्टरचं डिझेल वाचलं, औषधाचे अंश नाहीत म्हणून निर्यातीचा माल झाला. शिवाय फुलोऱ्यात पाऊस आला की गळ होते, तीही थांबली. एक एकर करून बघू. काळ्याच बागेवर.

सूनबाई : पंधरा वर्षांच्या वेलीवर पाच लाखांचं छप्पर?

तात्या : बरं, पांढऱ्यावर.

सूनबाई : निम्मं अनुदान म्हणजे निम्मं कर्ज. आणि अनुदान मिळणार काम झाल्यावर, बिलं लावल्यावर. आधी सगळे पैसे आपल्यालाच उभे करायचे. कागदाखाली डाऊनी थांबेल, पण भुरी वाढेल. हवा कोंडते, ऊन गाळून येतं. आणि वळवाचा वारा सुटला की तो कागद कुणाच्या उसात जाऊन पडेल सांगता येत नाही.

तात्या : वळवाच्या वेळी कागद वर ठेवतो कोण? मार्चला माल उतरला की गुंडाळायचा, छाटणीला परत पसरायचा.

सूनबाई : म्हणजे मे महिन्यात तो गुंडाळलेला असणार.

तात्या : असणारच. मेमध्ये काडीला ऊन नको का?

सूनबाई : मग गेल्या मेमध्ये पाऊस पडला तेव्हा ह्या कागदानं काय केलं असतं?

अख्ख्या बोलण्यात मला सगळ्यांत वजनदार वाटलेला प्रश्न हा. आच्छादन ऑक्टोबर ते डिसेंबरच्या अवकाळीवरचा चांगला इलाज आहे, ह्यात शंका नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रापासून गावातल्या कृषी सेवा केंद्रापर्यंत कुणीही तसंच सांगेल. पण ज्या संकटानं ह्या घराला यंदा खाली बसवलं, ते संकट वेगळ्या महिन्यात आलं होतं. आपण नेहमी मागच्या लढाईची तयारी करतो असं म्हणतात. तात्या तर त्याच्याही मागच्या, २००९ च्या लढाईची तयारी करत होते. अर्थात ते गप्प बसणारे नव्हेत.

तात्या : दर वर्षी मे बुडवणार आहे का? ऑक्टोबर मात्र दर दोन-तीन वर्षांनी हिसका देतोच. आणि विमा आहे ना.

सूनबाई : विम्याचं पाऊसमापक यंत्र आपल्या बागेत नाही, महसूल मंडळाच्या गावी आहे. तिथं पडलेला पाऊस धरतात. आपल्या बागेत गुडघाभर पाणी आणि तिथं शिंतोडे, असं झालं की आपण नियमात बसत नाही. हप्ता भरायचा, मी नको म्हणत नाही. पण त्याच्या जिवावर कर्ज काढू नये.

तात्या : मग काय लावणार त्या एकरात? ऊस?

सूनबाई : ऊस नाही. आंबा.

तात्यांनी पेपरची पिन तोंडातून काढली. द्राक्षवाल्यासमोर आंब्याचं नाव काढणं म्हणजे गावच्या पैलवानाला बुद्धिबळाचं आमंत्रण देणं.

सूनबाई : येणेऱ्याच्या बाजूचा हापूस बघा. कोकणातला संपत आला की तो सुरू होतो. शिवनेरी हापूस म्हणून लोक नावानं मागतात. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत आंबा बसतो, सीताफळ बसतं, पेरू बसतो. द्राक्ष बसत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. खड्डे, कलमं, खतं, सगळ्याचं अनुदान तीन वर्षांत पन्नास, तीस, वीस टक्के असं मिळतं. पहिल्या वर्षी ऐंशी टक्के झाडं जगली पाहिजेत, दुसऱ्या वर्षी नव्वद. पाच बाय पाच मीटरवर लावली तर एकरात एकशेसाठ बसतात.

तात्या : आणि फळ?

सूनबाई : चौथ्या-पाचव्या वर्षी.

तात्या : तोवर खायचं काय, मोहोर? आणि मे महिन्यातल्या पावसाची भीती वाटते म्हणून आंबा लावणार? मेमध्ये झाडावर आंबा नसतो तर काय चिंच असते? गेल्या मेमध्ये येणेऱ्यात आंबे गळाले नाहीत का?

हा टोला बरोबर बसला. अवकाळीतून कुठलंच फळ सुटत नाही. आंबा त्याला अपवाद आहे असं जो सांगतो, तो कलमं विकत असतो.

सूनबाई : गळाले. पण ज्यांचे गळाले त्यांना सोसायटीची नोटीस नाही आली. आंब्याला वर्षात चार-पाच फवारण्या, द्राक्षाला छाटणीपासून तोडणीपर्यंत दिवस मोजून. द्राक्षाचा एक एकर उभा करायला जेवढं उसनं लागतं, तेवढं आंब्याला लागतच नाही. मला पीक बुडायची भीती नाही तात्या. पीक बुडतंच. उसन्या पैशाचं पीक बुडायची भीती आहे. आणि मधल्या चार वर्षांत ओळींमध्ये कांदा, घेवडा, कोथिंबीर घेऊ. नारायणगावचा बाजार पायाशी आहे.

तात्या : द्राक्षात पैसा आहे म्हणून उसनं मिळतं. आंब्याला कुणी दारात उभं करत नाही.

इथून बोलणं पाण्यावर आणि विजेवर गेलं. हिवाळ्यात ह्या बागांत जायचंच ते.

शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात, आणि ह्या चारही तालुक्यांत उसात बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उभं राहावं लागलं, ह्यावरूनच काय ते समजावं. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर चालू करायला जायचं म्हणजे बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्यानं लावलेलं गाणं. कामावर गेलेल्या नवऱ्याच्या जागी ते बऱ्याच घरांत आता बायका करतात. म्हणून सूनबाईंना सौर कृषी वाहिनीची आस आहे. फीडर सौरऊर्जेवर गेला की वीज दिवसा, अंधारात घराबाहेर पडणं बंद. तालुक्यातली ही मागणी जुनी आहे आणि कुणीही तिच्या विरोधात बोलणार नाही, असं मला वाटत होतं.

तात्या : दिवसा वीज पाहिजेच. पण जानेवारीत मला पहाटे चारला पाणी लागतं.

सूनबाई : चारला कशाला?

तात्या : विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं. पारा आठवर आला की ठिबक सोडायचं, मुळापाशी ऊब राहते. नाही सोडलं तर वेल झोपते, मुळी चालत नाही, मणी फुगत नाही. वर शेकोट्या पेटवतोच आपण, पण शेकोटीनं वरची हवा ऊब धरते. खालचं कोण बघणार? सूर्य चारला उगवतो का?

सूनबाई : दिवसा शेततळ्यात भरून ठेवू.

तात्या : शेततळ्यातलं पाणी रात्रभर गारठतं. पहाटे ते मुळाला घातलं तर न घातलेलं बरं.

पुण्यामुंबईत बसून ‘दिवसा वीज’ हा साधा न्यायाचा प्रश्न वाटतो आणि तो आहेच. पण द्राक्षाच्या वेलीला वर्षातले पंधरा-वीस दिवस नेमकी पहाटेचीच वीज हवी असते, ही गोष्ट मागणीच्या निवेदनात कुणी लिहीत नाही. त्यावर दोघांचं जे ठरलं ते मला पटलं. कडाक्याच्या दिवसांत दोघांनी मिळून जायचं, एकट्यानं नाही. बांधाच्या कडेनं लावलेल्या जुन्या साड्या आणखी खाली, जमिनीपर्यंत सोडायच्या, म्हणजे वाराही अडेल. आणि मोटरीला मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बसवायचा. वीज आली की घरातूनच मोटर चालू. हजारातला खर्च, लाखातला नाही. दोघांचं एकमत झालेली ही पहिली खरेदी.

बागेत पर्यटक आणण्याचा विषय थोडक्यात आटोपला. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका झाला, फेब्रुवारीत एमटीडीसी द्राक्ष महोत्सवही भरवत आली आहे; ओझर, लेण्याद्री, शिवनेरीला येणाऱ्या गाड्या बागेसमोरूनच जातात. सूनबाईंना दोन ओळी ‘तोडा आणि न्या’साठी ठेवायच्या होत्या. तात्यांचं म्हणणं, लोक घड तोडत नाहीत, चाचपतात, आणि चाचपलेल्या मण्यावरची लव गेली की तो पेटीत जात नाही. तरी २०२० मध्ये पुण्याच्या सोसायट्यांत व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी घेऊन दोन-दोन किलोच्या पेट्या ह्याच सुनेनं विकल्या होत्या, हे त्यांना नाकारता येईना. रस्त्याकडच्या दोन ओळी तिला मिळाल्या.

अवघड गाठ पुढे होती.

सूनबाई : कागदाचं कर्ज घ्यायचं झालं तर कुणाच्या नावावर?

तात्या : माझ्या. सातबारा माझा आहे.

सूनबाई : फेडणार कोण?

तात्या : बाग फेडेल.

सूनबाई : बाग कोण बघणार, तात्या? फवारणीची वही माझ्याकडे, निर्यातीच्या नोंदणीची कागदं माझ्याकडे, बाया सांगायला पहाटे फोन मी करते. फार्मर आयडी तुमचा, सोसायटीचा शेअर तुमचा, अनुदान येणार ते खातंही तुमचं. उद्या अधिकारी आला तर मला विचारतो, मालक कुठायत.

तात्या : नाव घालायला माझी ना आहे का? पाडव्याला घालू.

सूनबाई : मागच्या पाडव्यालाही घालणार होतो.

कायद्यानं हे अवघड नाही. तात्यांनी मुलाच्या वाट्याचं वाटप करून द्यायचं आणि मुलानं लक्ष्मी मुक्ती योजनेखाली बायकोचं नाव सातबाऱ्याला लावून घ्यायचं; तलाठ्याकडे अर्ज, बाकी फार काही नाही. अवघड आहे ते तात्यांच्या मनाला: सातबाऱ्यावरून आपलं एकट्याचं नाव हटणं. बाग काढण्यापेक्षाही त्यांना ते जास्त लागलं असावं, कारण ते पुढे बराच वेळ पेपरच लावत राहिले. मी सुनेच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. ज्याची सही कर्जावर नाही आणि ज्याचा दिवस मात्र सगळा बागेत, त्यानं मांडलेल्या अंदाजपत्रकाला घरात किंमत आणि बँकेत शून्य, ही स्थिती ह्या पट्ट्यात सरसकट आहे.

तात्या : आंबा लावायचा तर कलमं कुठून आणणार?

सूनबाई : शासनमान्य रोपवाटिकेतून. पावती लागते.

तात्या : ती कलमं मला नको. पिशवीत वर्षानुवर्षं मुळी गुंडाळलेली असते, लावली की दोन वर्षं जागची हलत नाहीत. जूनमध्ये गावरान कोया जागेवर घालायच्या, पुढच्या पावसात त्यावर येणेऱ्याच्या मामाच्या झाडाची काडी भरायची. सोटमूळ खाली जातं, दुष्काळाला दाद देत नाही.

सूनबाई : योजनेत ते चालत नाही. कोयांना कुणी पावती देत नाही.

तात्या : मग पावतीची तू लाव. विहिरीकडच्या दोन ओळी योजनेबाहेर ठेव. त्या माझ्या.

सूनबाई : दोन ओळी गेल्या म्हणजे एकशे पस्तीसेक उरतात. तेवढ्यांचाच अर्ज करावा लागेल. आणि अर्ज करायचा तर आधी माझं नाव.

तात्या : पोराला सुट्टी कधी आहे?

सूनबाई : गुरुवारी.

तात्या : मग गुरुवारी तलाठ्याकडे जाऊन या दोघं. मला वाटपाचा नमुना आणा, वाचून सही करतो. आणि कागदाची योजना निघाली तर तो अर्ज मी टाकणार म्हणजे टाकणार, नंबर लागला तर तेव्हा भांडू. दुसरं म्हणजे काळ्याचा माल मार्चमध्ये शेवटच्या घडापर्यंत उतरल्याशिवाय तिथं कुऱ्हाड दिसता कामा नये.

सूनबाई : आणि पहिल्या पाण्याला ठिबकच्या जुन्या नळ्या काढून ठेवू, आंब्याला होतील.

तात्या : दोन ओळींना नको. त्यांना मी हंड्यानं घालीन.